भूक असून न जेवणे

श्रोतेहो, आज ज्या आजाराविषयी मी बोलणार आहे त्याचे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेले नसेल. ज्यांनी ऐकले असेल त्यांची समजूत अशी असेल, की हे शहरातले, श्रीमंतांच्या घरचे, फार तर सिनेमातल्या नट्यांचे दुखणे. आपल्या गावाचा त्याच्याशी काय संबंध? माझीही तशीच समजूत होती. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. आमच्या पाठ्यपुस्तकात या आजारावर अर्धे पान आहे. ते अर्धे पान मी दर वर्षी शिकवीत आलो, आणि ज्या वर्षी तो आजार माझ्याच वर्गात दुसऱ्या बाकावर येऊन बसला, त्या वर्षी मला तो ओळखता आला नाही.

मुलगी खेड्यातली, चांगल्या बागायतदाराच्या घरची. वसतिगृहात राहायची. अक्षर टपोरे, वही नीटनेटकी, उत्तरात खाडाखोड म्हणून नाही. पहिल्या सहामाहीत अंगाने भरलेली होती. दुसऱ्या सहामाहीत बारीक दिसू लागली. फाल्गुन संपत आला, वर्गातले पंखे गरगरत होते, आणि ही स्वेटर घालून बसलेली. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी असे तिचे उपास चालत. पुढे त्यांत शनिवारही आला. उपासाला आपण साबुदाण्याची खिचडी, रताळे, दाण्याची आमटी असे काहीतरी खातोच. हिचा उपास कोरडा. पहाटे उठून मैदानाला फेऱ्या मारी. आणि गंमत अशी, की रविवारी मैत्रिणींसाठी शिरा करायची तो हीच. आग्रह करकरून वाढायची. स्वतःच्या ताटलीत मात्र काही नाही. तिच्या वहीच्या मागच्या पानांवर पाककृती लिहिलेल्या मी पाहिल्या होत्या. मनात म्हटले, मुलगी सुगरण दिसते.

स्नेहसंमेलनात मला चार शब्द बोलायचे होते. विषय संयमाचा निघाला. मी तिचे नाव घेतले नाही, पण सगळ्यांना कळेल अशा रीतीने सांगितले, की आजच्या दिवसांतही आपल्या कॉलेजात एक विद्यार्थिनी इतकी निष्ठेने व्रते करते आणि अभ्यासात पुढे आहे. टाळ्या पडल्या. पुढे तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने मला सांगितले, “सर, त्या दिवसापासून ती रात्रीचंही जेवेना.” ही गोष्ट सांगताना मला आजही बरे वाटत नाही. पण शिक्षकमंडळी ऐकत आहेत म्हणून सांगतो.

या आजाराला डॉक्टर ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. ‘ॲनोरेक्सिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ भूक नसणे. नाव चुकीचे पडले आहे, कारण या रोग्याची भूक मेलेली नसते. निदान सुरुवातीला तरी ती चांगली जागी असते. आपले वैद्य ज्याला अरुची म्हणतात, तापातून उठल्यावर तोंडाला चव नसते, ती ही नव्हे. इथे भूक लागते, पण खाण्याची भीती त्या भुकेवर स्वार होते. घास पुढे आला की काळजात धस्स होते. आपल्याला अंधाऱ्या विहिरीत उतरायला सांगितले तर जसे होईल, तसे त्या मुलीला वरणभाताच्या ताटापुढे होते. हे नुसते सांगून कळत नाही; पण एवढे ध्यानात धरले तर पुढचे पुष्कळ सोपे जाईल.

आजार नवा नाही. लंडनला रिचर्ड मॉर्टन नावाचे वैद्य होते. त्यांनी १६८९ साली क्षयरोगावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात एक अठरा वर्षांची मुलगी येते. तिला खोकला नाही, ताप नाही, क्षयाची कसलीही खूण नाही. मासिक पाळी बंद झालेली, अन्न सुटलेले, आणि रात्रंदिवस पुस्तकांत डोके. शरीर नुसते हाडांवर कातडे. औषधांना ती कंटाळली, आणि थोड्या महिन्यांत मूर्च्छा येऊन गेली. त्याच ग्रंथात दुसरा रोगी सोळा वर्षांचा मुलगा आहे. त्याला मॉर्टननी अभ्यास सोडून मोकळ्या हवेत, खेड्यावर पाठवले, दुधावर ठेवले, आणि तो बराच सुधारला. म्हणजे सव्वातीनशे वर्षांपूर्वीही हे दुखणे मुलींना होते, आणि मुलांनाही होते. मुलींना जास्त होते हे खरे, पण मुलगा आहे म्हणून ही शंका सोडून देऊ नये.

पुढे १८७३ साली पॅरिसमध्ये लासेग आणि लंडनमध्ये सर विल्यम गल या दोघा डॉक्टरांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, या आजाराचे वर्णन केले. आजचे नाव गलसाहेबांचे. त्यांनी आपल्या रोग्यांची चित्रे छापली: आधीची आणि बरे झाल्यानंतरची. एका सतरा वर्षांच्या मुलीचे वजन दोन वर्षांत दीडपटीहून जास्त झाले. चित्रातली ती दुसरी मुलगी पहिलीची थोरली बहीण वाटावी इतका फरक आहे.

आता मुख्य प्रश्न. आमच्या त्या मुलीच्या वडिलांनी मला विचारला तोच. “सर, घरात काय कमी आहे? दूध आहे, तूप आहे. मग ही मुद्दाम करते का? तुम्ही सांगितलंत तर ऐकेल ती.” मी सांगून पाहिले. ती मान डोलवायची, “हो सर” म्हणायची, आणि काही होत नसे. समजूत घालून, रागावून, शपथा घालून झाले. का उपयोग होत नव्हता, याचे उत्तर मला एका जुन्या प्रयोगात सापडले. तो प्रयोग जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे.

१९४४ साल. दुसरे महायुद्ध संपत आले होते आणि युरोपात लाखो माणसे उपाशी होती. आपल्याकडे बंगालचा भयंकर दुष्काळ १९४३ मध्ये नुकताच होऊन गेला होता. युद्ध थांबल्यावर या उपाशी माणसांना पुन्हा कसे खाऊ घालायचे, याचे शास्त्रशुद्ध ज्ञान कोणापाशी नव्हते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी ३६ तरुण निवडले. हे तरुण अहिंसावादी. धर्मश्रद्धेमुळे किंवा विवेकबुद्धीमुळे त्यांनी बंदूक हाती घ्यायला नकार दिला होता, पण लोकांच्या उपयोगी पडावे असे त्यांना वाटत होते. म्हणून ते आपण होऊन उपाशी राहायला तयार झाले. शरीराने धडधाकट, मनाने घट्ट, अशी चाचणी घेऊन निवडलेली ही माणसे. विद्यापीठाच्या क्रीडांगणाच्या पायऱ्यांखालच्या खोल्यांत त्यांना ठेवले.

पहिले बारा आठवडे त्यांना पोटभर जेवण दिले. नंतर चोवीस आठवडे साधारण निम्मे. बटाटे, सलगम, कोबी, पाव, असे युद्धातल्या युरोपात मिळेल तसले अन्न, दिवसातून दोन वेळा. बरोबर रोजचे चालणे आणि काम. सहा महिन्यांत त्यांचे वजन चौथ्या हिश्श्याने उतरले. हे होणारच होते. त्याचे नवल नाही. नवल पुढे आहे.

या माणसांच्या मनाचे काय झाले ते पाहा. ज्यांना स्वयंपाकघराचे तोंड माहीत नव्हते ती माणसे पाककृतींची पुस्तके जमवू लागली. रात्री स्वप्नात जेवणे. दिवसा बोलणे जेवणाचे. पुढे आलेली बशी संपवायला एकेक जण तास-तास लावी. घास चिवडीत बसे, पाणी घालून वाढवी, शेवटी बशी चाटून पुसून स्वच्छ करी. उन्हाळ्याच्या दिवसांत त्यांना थंडी वाजू लागली, रात्री जास्तीचे पांघरूण मागू लागले. नाडी मंद झाली. केस गळू लागले. हसणे-खिदळणे संपले. एकमेकांशी बोलेनासे झाले, क्षुल्लक गोष्टीवरून चिडू लागले. काहींना तर आपण फारसे वाळलो आहोत असे वाटेना. उलट बाहेरची धडधाकट माणसेच त्यांना फार लठ्ठ दिसू लागली. पुस्तक उघडले तर लक्ष लागत नाही अशी सगळ्यांची तक्रार. पण बुद्धीची चाचणी घेतली तर गुण पूर्वीइतकेच. शिक्षकांनी हे नीट लक्षात घ्यावे, कारण आपण फसतो ते इथेच. मुलीचे गुण उतरत नाहीत, म्हणून आपल्याला वाटते, सगळे ठीक आहे.

श्रोतेहो, या ३६ जणांपैकी कोणालाही बारीक व्हायचे नव्हते. कोणाला आरशाचे वेड नव्हते. नुसत्या उपासमारीने ही धट्टीकट्टी माणसे अशी झाली. स्वेटर, पाककृती, ताट चिवडणे, एकटे बसणे, आमच्या मुलीची एकेक खूण या यादीत मला सापडत गेली. म्हणजे ज्याला आपण तिचा हट्ट म्हणत होतो, तिचा स्वभावच बिघडला असे समजत होतो, त्यातला मोठा भाग उपाशी मेंदूची करणी होती. अशा मेंदूला समजावून काय समजणार? आधी मन बदलेल, मग जेवेल, असा आपला हिशेब असतो. हिशेब उलटा आहे. आधी जेवण, मग मन.

प्रयोगातली शेवटची गोष्टही विसरू नये. चोवीस आठवड्यांनंतर अन्न वाढवत नेले, तरी ही माणसे लगेच सुधारली नाहीत. नुसते पहिल्याइतके अन्न देऊन भागेना. झीज भरून यायला धडधाकट माणसापेक्षा किती तरी जास्त अन्न लागले. पोट भरले तरी भरल्यासारखे वाटेना. वजन आले, तरी मन ताळ्यावर यायला आणखी महिने लागले. कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळे १९५० साली दोन जाडजूड खंडांत छापले. आज जगात कुठेही या आजाराचा डॉक्टर त्या खंडांचा आधार घेतो.

मग मिनेसोटाच्या त्या माणसांत आणि आपल्या रोग्यात फरक काय? फरक मोठा आहे. ती माणसे अन्न मिळाल्याबरोबर त्याच्यावर तुटून पडली. हा रोगी अन्नापासून पळतो. ही भीती कुठून येते, याचे एका शब्दात उत्तर नाही. काही रक्तातून येते. २०१९ साली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून जवळजवळ सतरा हजार रोग्यांची आनुवंशिक तपासणी केली, तेव्हा त्यांना मानवी गुणसूत्रांवर आठ जागा अशा सापडल्या की ज्यांचा या आजाराशी संबंध आहे. आणि त्यांतल्या काहींचे नाते मनाशी जसे तसेच शरीराच्या पचन-पोषणाशीही दिसले. काही स्वभावातून येते: चोख, टापटिपीची, स्वतःवर कडक असणारी, चूक सहन न होणारी मुले याच्या तावडीत जास्त सापडतात. आणि काही बाहेरून येते. कोणी “काय गं, फुगलीस की” म्हणतो, मोबाईलवर दिवसभर सडपातळ चित्रे दिसतात, परीक्षा असते, घर सोडून वसतिगृहात यावे लागते. ठिणगी कसलीही असो. एकदा वजन उतरू लागले, की उपाशी मेंदू भीती वाढवतो आणि भीती उपास वाढवते. चाक फिरत राहते.

आपल्याकडे एक घोटाळा आणखी होतो. पुस्तकात लिहिलेले असते, की रोग्याला जाड होण्याची भीती वाटते. पण हाँगकाँगचे मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले, की त्यांच्याकडचे पुष्कळ रोगी जाडीचे नावच काढत नाहीत. ते म्हणतात पोट गच्च वाटते, अन्न पचत नाही, इच्छाच होत नाही. भारतातल्या डॉक्टरांनाही असे रोगी भेटतात. आमच्या मुलीनेही ‘मला बारीक व्हायचंय’ असे एकदाही म्हटले नाही. तिच्याकडे दोनच कारणे होती: पोटात दुखते, आणि आज उपास आहे.

उपासाविषयी थोडे बोलले पाहिजे, नाहीतर कोणाला वाटेल मी व्रतवैकल्यांच्या विरुद्ध आहे. माझी आई आजही आषाढी-कार्तिकी करते. पण तिच्या उपासाला द्वादशीचे पारणे असते. ती पारण्याची वाट बघते, आदल्या रात्री डाळ भिजत घालते, सकाळी आनंदाने जेवते. आणि आजारी पडली तर तिला कोणी सांगावे लागत नाही. आजाऱ्याला, गरोदर बाईला, लहान मुलाला उपास नाही, हे आपल्या आया-आज्यांनी कधीच ठरवून टाकले आहे. जिथे पारणे पुढे-पुढे जाते, एका उपासाला दुसरा उपास येऊन चिकटतो, पारण्याच्या दिवशी मुलीचा चेहरा उतरतो, तिथे देवाचे नाव आहे पण व्रत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी अशा वेळी स्पष्ट म्हणावे, “तुझा उपास मी करते, तू जेव.” आपल्या धर्मात एवढी सोय आहे.

आता उपचाराकडे येऊ. आधी शारीरिक तपासणी. आपल्या भागात तरुण मूल वाळू लागले तर क्षय, थायरॉईड, मधुमेह, जंत, आतड्याचे विकार हे पाहिलेच पाहिजेत. पण ते सगळे नाही म्हणून निघाले, म्हणजे काहीच नाही, असे समजू नये. आमच्या मुलीला वर्गात चक्कर आली तेव्हा सगळ्या तपासण्या झाल्या. कागद स्वच्छ आले. ‘काही नाही, जरा जेवायला सांगा’ असे सांगून तिला घरी पाठवण्यात आले. मग नात्यातल्या कोणी बाहेरचे झाले म्हणून सुचवले, आणि तीन आठवडे अंगारे-धुपाऱ्यांत गेले. ते तीन आठवडे फार महाग पडले. मानसिक आजारांत सर्वांत जास्त बळी घेणाऱ्या आजारांत हा मोडतो. काही जण हृदय थांबून जातात, काही निराशेच्या भरात जिवाचे बरेवाईट करतात. कॅरन कार्पेंटर ही अमेरिकेची नावाजलेली गायिका फेब्रुवारी १९८३ मध्ये याच दुखण्यापायी हृदय बंद पडून गेली. वय अवघे बत्तीस.

म्हणून पुढीलपैकी काही दिसले तर वाट पाहू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा: उभे राहताच चक्कर येणे, शुद्ध हरपणे, नाडी फार मंद असणे, छातीत धडधडणे, पायांवर सूज, पाणीसुद्धा न पिणे, किंवा मरणाची भाषा. आणि असे फार खंगलेले मूल असेल तर घरच्या घरी एकदम पोटभर खाऊ घालू नये. हे ऐकून नवल वाटेल. पण १९४५ साली जर्मनांच्या छळछावण्यांतून सुटलेली कितीतरी माणसे सैनिकांनी दिलेले अन्न भरपूर खाऊन मेली. दीर्घ उपासमारीनंतर एकदम अन्न गेले, की रक्तातली फॉस्फेट, पोटॅशियम अशी द्रव्ये झपाट्याने उतरतात आणि हृदय दगा देते. अशा रोग्याला रुग्णालयात, रक्त तपासत, बेताबेताने वाढवत न्यावे लागते.

तेवढी वेळ आलेली नसेल, तर उपचाराची जागा घरचे स्वयंपाकघर. इथे शंभर वर्षांचा एक गैरसमज दूर करायला हवा. गलसाहेबांचे मत असे होते, की अशा रोग्याची सेवा करायला घरची माणसे सर्वांत वाईट. पुढे कित्येक दशके डॉक्टर आईबापांनाच दोष देत राहिले आणि मुलांना घरापासून तोडत राहिले. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयात रसेल, डेअर, आयस्लर या मंडळींनी वेगळे करून पाहिले. मूल जेवत नाही ना, मग काही काळ जेवणाचा कारभार आईबापांनी हाती घ्यावा. काय, किती, केव्हा, हे त्यांनी ठरवावे, आणि डॉक्टरांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे. १९८७ साली त्यांनी निष्कर्ष छापले. ज्यांचा आजार एकोणीस वर्षांच्या आत सुरू झाला होता आणि तीन वर्षांहून जुना नव्हता, त्यांना या रीतीचा चांगला गुण आला. आज लहान वयाच्या रोग्यांसाठी जगभर हीच रीत आधी सुचवतात. औषधाच्या गोळीने हा आजार जात नाही. निराशा, झोप यांसाठी डॉक्टर गोळ्या देतील त्या घ्याव्यात, पण मुख्य औषध अन्नच.

म्हणायला सोपे, करायला फार कठीण. मी त्या मुलीच्या आईला जवळून पाहिले. तिसरी शिकलेली बाई. जिल्ह्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञांनी तिला सगळे समजावून दिले होते. दिवसातून तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा खाणे, वेळ ठरलेली. ताट आईने वाढायचे. मुलीने स्वयंपाकघरात लुडबुड करायची नाही. शेजारी बसून आपणही जेवायचे. ताट संपेपर्यंत उठायचे नाही. भांडायचे नाही, हिशेब सांगायचा नाही, शपथ घालायची नाही. पहिल्या दिवशी अर्ध्या भाकरीला दीड तास लागला. मुलगी रडली, ताट ढकलले, आईला नको ते बोलली. आई एवढेच म्हणत राहिली, “मला ठाव हाय तुला भ्या वाटतंय. मी हितंच हाय. घे, एक घास.” पुढे ती बाई मला म्हणाली, “सर, ती बोलत न्हवती, तो आजार बोलत हुता. लेकरू माझं आत हुतं.” मानसशास्त्राची पदवी घेऊन मला हे इतके साफ सांगता आले नसते.

वडिलांनी प्रथम विरोध केला. “लाड पुरे झाले,” म्हणायचे. आई एक सांगते, बाप दुसरे सांगतो, आजी हळूच ताट उचलून नेते, असे झाले की आजार त्या फटीतून निसटतो. शेवटी रात्रीच्या जेवणाची पाळी वडिलांनी घेतली. जेवण झाल्यावर तासभर मुलीला एकटे सोडायचे नसे, कारण त्या वेळी मनात सर्वांत जास्त कालवाकालव होते. वडील तिला घेऊन ओसरीवर पत्ते खेळत. त्या बागायतदाराला पत्ते येत नव्हते, मुलीने शिकवले.

वजन आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वाढले तरी पुष्कळ. ते डॉक्टरांकडेच करावे. घरात वजनकाटा नको. आणि शेजारणींनी, पाहुण्यांनी एक पथ्य पाळावे. मुलगी जरा सावरली की आपण कौतुकाने म्हणतो, “आता कशी छान भरलीस!” आपल्या मनात प्रेम असते, तिच्या कानात ‘तू जाड झालीस’ एवढेच शिरते, आणि दुसऱ्या दिवशीचा घास अडतो. अंगाविषयी बोलूच नये. बोलायला दुसरे विषय काय कमी आहेत?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना थोडे. मूल बारीक होताना आईपेक्षा तुम्हाला लवकर दिसू शकते, कारण दुपारचे जेवण ते तुमच्या डोळ्यांदेखत जेवते, किंवा जेवत नाही. डबा मित्रांना वाटून टाकणारे, उन्हात कुडकुडणारे, मधल्या सुट्टीत एकटे राहणारे, खेळाच्या तासाला थकूनही न थांबणारे मूल दिसले, तर त्याला चार जणांत विचारू नका. बाजूला घेऊन म्हणा, “मला तुझी काळजी वाटते.” ते नाही म्हणेल. तरी पालकांना बोलवा. वर्गात सगळ्यांसमोर वजने घेऊन मोठ्याने वाचणे, ‘ढोली’, ‘काडी’ अशी नावे चालू देणे, हे आपल्या हातात आहे तिथे तरी बंद करता येईल. आणि माझ्यासारखे व्यासपीठावरून कोणाच्या न जेवण्याचे कौतुक करू नका.

मनोविकारतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात भेटतात. तिथवर जाणे लगेच जमत नसेल, तर सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस ही फोनसेवा आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते, आणि नातेवाइकांनी किंवा शिक्षकांनी फोन केला तरी चालतो.

बरे व्हायला किती दिवस लागतात, असे पालक विचारतात. महिने तर लागतातच, पुष्कळदा वर्षे. लवकर हाती लागले तर लवकर सुटते. पण उशीर झाला म्हणून आशा सोडायचे कारण नाही. बोस्टनच्या डॉक्टरांनी आपल्या रोग्यांचा माग सतत ठेवला. नवव्या वर्षी तिघांत जेमतेम एक बरा झालेला होता. बाविसाव्या वर्षापर्यंत पाचांतले तीन बरे झाले होते. म्हणजे मधल्या काळात ज्यांना लोकांनी असाध्य म्हणून सोडून दिले असेल, त्यांतलेही कितीतरी जण उठून उभे राहिले.

आमच्या मुलीचे एक वर्ष बुडाले. परत आली तेव्हा वसतिगृहात न राहता रोज एस. टी. ने ये-जा करू लागली, कारण दुपारचा डबा सोडला तर बाकीची जेवणे घरी व्हावीत असे डॉक्टरांचे म्हणणे होते. डबा ती माझ्या खोलीशेजारी, आमच्या वाचनालयाच्या बाईंबरोबर बसून खायची. दशमी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. परीक्षेच्या दिवसांत एकदा पुन्हा घसरली. आईने पुन्हा पाट मांडला. आता पदवी घेऊन ती बी. एड. करते आहे. परवा भेटायला आली होती. मी चहा मागवला. बरोबर खारी होती. तिने एक उचलली, जरा वेळ हातात धरली, आणि माझ्याशी त्यांच्या नव्या विहिरीच्या पाण्याबद्दल बोलता बोलता खाल्ली. मी खारीकडे पाहिले नाही. एवढे मी आता शिकलो आहे.